शब्दाला शब्द

मराठी समीक्षकांच्या तावडीतून सहसा काही सुटत नाही. कविता सुटत नाही, कादंबरी सुटत नाही, नाटकाचं तर पहिल्या अंकानंतरच्या चहातच पोस्टमॉर्टेम होतं. लग्नाच्या जेवणावर आपल्याकडे जी समीक्षा होते तिच्या निम्म्या तोलाची विद्यापीठातही होत नसेल. पण जे पुस्तक मुंजीत भेट येतं, दहावी पास झाल्यावर पुन्हा भेट येतं आणि पुढे कपाटाचा हलणारा पाय बसवायला उपयोगी पडतं, त्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीवर कोणी चार ओळी टीका लिहिल्याचं मला आठवत नाही. ज्ञानेश्वरीच्या खालोखाल पूज्य आणि ज्ञानेश्वरीपेक्षाही कमी उघडलेलं असं हे पुस्तक. देवावर टीका करू नये तशी डिक्शनरीवरही करू नये, असा काहीतरी दंडक असावा.

तो दंडक मी आज मोडतो आहे. पात्रता विचाराल तर बी. कॉम., सेकंड क्लास. साहित्याशी संबंध म्हणाल तर कर्जाच्या अर्जात 'उत्पन्नाचा तपशील' नावाचा जो ललित विभाग असतो, तो गेली वीस वर्षं नियमित वाचतो आहे. पण एक अधिकार माझ्याकडे आहे आणि तो भल्याभल्या प्राध्यापकांकडे नाही. मी धंतोलीत बसतो.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. धंतोली म्हणजे सीताबर्डीला लागून असलेली जुनी, सभ्य वस्ती. इथे रामकृष्ण मठ आहे, बगीचा आहे, यशवंत स्टेडियम आहे. आणि उरलेल्या जागेत हॉस्पिटलं आहेत. एकेका जुन्या बंगल्याच्या जागी एकेक हॉस्पिटल उभं राहिलं, आणि तिथे येणाऱ्या गाड्या लावायच्या कुठे हा प्रश्न हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाऊन आला. या हॉस्पिटलांच्या मधोमध आमची शाखा. त्यामुळे आमच्या काउंटरवर इंग्रजी दोन बाजूंनी येतं : आतून बँकेचं आणि बाहेरून डॉक्टरांचं. इतरत्र इंग्रजी ही ज्ञानाची भाषा असेल, जगाची खिडकी वगैरे असेल. धंतोलीत ती दुखण्याची आणि पैशाची भाषा आहे.

'डिस्चार्ज' हा शब्द घ्या. मुदत ठेवीच्या पावतीमागे सही करून द्यायची याला बँकेत 'पावती डिस्चार्ज करणं' म्हणतात. रस्त्यापलीकडे पेशंटला घरी सोडतात त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. आणि अलीकडचा डिस्चार्ज झाल्याशिवाय पलीकडचा होत नाही, हे धंतोलीतलं शेंबडं पोरही सांगेल. एकदा एक बाई धापा टाकत आल्या. पावती पाहून मी म्हटलं, "ताई, आधी डिस्चार्ज करून द्या." त्या म्हणाल्या, "अहो, त्याच्याचसाठी तर पैसे पाहिजेत!" मी म्हटलं, "डिस्चार्जशिवाय पैसे मिळणार नाहीत." त्या म्हणाल्या, "पैशाशिवाय डिस्चार्ज मिळत नाही म्हणून तर आले." तीन मिनिटं आम्ही दोघं अस्खलित मराठीत एकमेकांशी इंग्रजी बोलत होतो.

त्या रात्री मी घरची डिक्शनरी काढली. 'डिस्चार्ज'पुढे ओळीने अर्थ दिले होते : ओझं उतरवणं, बंदूक झाडणं, कैद्याला सोडणं, नोकरीवरून काढणं, कर्ज फेडणं, जखमेतून पू वाहणं. मधे नुसते स्वल्पविराम. पेन्शनच्या दिवशी आमच्या दारात जशी रांग लागते तसे हे अर्थ एकामागे एक उभे. कोण कोणाचा कोण, कशासाठी आला, काही पत्ता नाही. समीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप इथेच. या ग्रंथात पात्रं फार आणि कथानक नाही.

'प्रीमॅच्युअर'चंही तसंच. मुदतीआधी ठेव मोडली की ती प्रीमॅच्युअर, आणि मुदतीआधी मूल जन्मलं की तेही प्रीमॅच्युअर. ठेवीला त्याबद्दल व्याजात दंड बसतो; मुलाच्या बापाला काचेच्या पेटीचं भाडं बसतं. पहिल्यासाठी दुसरी मोडायला आलेले बाप मी पाहिलेले आहेत. फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो. त्यात काय लिहू म्हणून ते विचारतात. वास्तविक वर जे छापलंय तेच खाली लिहिलं तरी चालण्यासारखं असतं.

आणि 'इनऑपरेटिव्ह'. खातेदाराने दोन वर्षं खात्यावर काही व्यवहार केला नाही की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते खातं इनऑपरेटिव्ह होतं. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने काउंटरवरच्या तरुणाला सहज सांगितलं, "तुमच्या वडिलांचं इनऑपरेटिव्ह आहे." तो पोरगा तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "हो, काल डॉक्टरही तेच म्हणाले." पुढे काय बोलावं हे तिलाही सुचेना आणि आम्हालाही. त्या दिवशी आमचा एक ऑफिसर केवायसीचे कागद घेऊन समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या खाटेपर्यंत जाऊन आला आणि खातं दुपारपर्यंत चालू झालं. हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

हा घोळ सुरू कुठे होतो? माझ्या मते शाळेतल्या शब्दार्थाच्या वहीत. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते २००० साली आलं. पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात बाई वहीच्या पानाची मधोमध घडी घालायला लावत. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. एका शब्दाला एक अर्थ, संपूर्ण एकपत्नीव्रत. इंटरेस्ट म्हणजे आवड. फाइन म्हणजे छान. बॅलन्स म्हणजे तोल. बिल म्हणजे चोच. सेव्हरल म्हणजे अनेक. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलं, त्यांच्याही धड्यांत शब्दांची तयारी आधी आणि वाक्यं मागून. शब्द पाठ झाले की भाषा आली अशी आपली पिढ्यान्‌पिढ्या समजूत. मुंज झाली की ब्रह्मज्ञान झालं, तशातलाच प्रकार.

मग मी कॉमर्सला गेलो आणि एकेकाची दुसरी बिऱ्हाडं बाहेर यायला लागली. इंटरेस्ट म्हणजे व्याज निघालं. फाइन म्हणजे दंड निघाला. बॅलन्स म्हणजे शिल्लक, तीही बहुधा नसलेली. आयुष्यभर सालस म्हणून ओळखलेल्या गृहस्थांचं पलीकडच्या पेठेत दुसरं कुटुंब असल्याचं कळावं, तसा तो धक्का होता. एक 'बिल' मात्र अपवाद. हॉस्पिटलचं बिल हातात पडलं की शाळेतला चोच हाच अर्थ बरोबर होता असं वाटायला लागतं.

आता डिक्शनरीवाल्यांची बाजू. ती ऐकून घेतलीच पाहिजे, कारण हे काम हमालीचं आहे आणि आपल्याकडे ते मोठ्या माणसांनी केलेलं आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंत्यांनी सिद्ध केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली तो वाढवून पुन्हा काढला. इंग्रजीतून मराठीत आणणारा कोश त्याने आणि मेजर कँडीने मिळून १८४७ साली दिला. पुढे नीळकंठ बाबाजी रानडे यांनी १९०३ ते १९१६ अशी तेरा वर्षं घालवून विसाव्या शतकाचा म्हणून इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. तेरा वर्षं! आमच्याकडे तेरा वर्षांत माणूस दोन वेतनकरार पाहतो आणि तिसऱ्याची वाट पाहतो. तिकडे इंग्लंडात जॉन्सन नावाच्या कोशकाराने १७५५ साली 'ओट्स'चा अर्थ सांगता सांगता स्कॉटलंडच्या लोकांना चिमटा काढून घेतला. आमच्या कोशकारांनी असला वात्रटपणा कधी केला नाही. थोडा केला असता तर कोश वाचले गेले असते, असं माझं प्रांजळ मत आहे.

पण या यादीत नागपूरचा माणूस वेगळा सांगायला हवा. डॉ. रघुवीर. लाहोरची आपली संस्था घेऊन ते फाळणीच्या सुमारास नागपुरात आले. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि ते या प्रांतातून घटना समितीवरही गेले होते. इंग्रजी गेलं, आता राज्य चालवायला शब्द कुठून आणायचे, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी काढलं ते असं : संस्कृतातले पाचशेच्या आसपास धातू, वीसेक उपसर्ग आणि ऐंशीएक प्रत्यय घ्या आणि एकमेकांना जोडत चला. शब्दांना तोटा नाही. गिरणीत एका बाजूने कापूस घालावा आणि दुसऱ्या बाजूने ठाण निघावं, तसा हा शब्दांचा कारखाना. राज्यकारभाराच्या आणि शिक्षणाच्या शब्दांचा त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली नागपुरातच प्रसिद्ध झाला.

लोक हसले. आगगाडीला लोहपथगामिनी आणि नेकटायला कंठलंगोट असले शब्द त्यांच्या नावावर खपवून हसले. त्यातले पुष्कळसे थट्टेखोरांनी घरी केलेले होते. मी हसणार नाही. त्यांचा मुद्दा पाहा. विधी, विधान, विधेयक, विधायक, संविधान, वैधानिक ही सगळी एका घरातली माणसं; चेहऱ्यावरून ओळखू येतात. हीच माणसं इंग्रजीत गेली की लॉ निराळ्या गावचा, बिल निराळ्या गावचं, कॉन्स्टिट्यूशन तिसऱ्याच. इंग्रजीत प्रत्येक शब्द पाठ करावा लागतो, आपल्याकडे एक कळला की दहा कळतात. कॉमर्सच्या माणसाला यातली काटकसर लगेच पटते.

मुंबईतही तेच झालं. महाराष्ट्राचं भाषा संचालनालय १९६० साली निघालं, १९६२ साली त्याचा पदनाम कोश आला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याला बदनाम कोश म्हणून टाकलं. महाराष्ट्र पोट धरून हसला. पण आज आयुक्त, संचालक, अधीक्षक म्हणताना कोण हसतं? त्यांच्या केबिनबाहेर उभं राहिलेला तर नाहीच हसत. शब्द अवघड आहे म्हणून हसायचं, वापरात आला की विसरून जायचं, ही आपली रीतच आहे. तेव्हा 'कोशातले शब्द बोजड असतात' ही जी नेहमीची टीका, तीत मी सामील नाही.

माझी तक्रार दुसरी आहे. हे सगळे लोक शब्दाला शब्द देतात. अर्थ देत नाहीत.

बँकेतलंच बघा. चेकला धनादेश दिला. ड्राफ्टला धनाकर्ष दिला. हिशेब चुकता. चेक 'डिसऑनर' झाला तर? ऑनर म्हणजे आदर, तेव्हा डिसऑनर म्हणजे अनादर. झालं. धनादेश अनादरित. एक वृद्ध गृहस्थ असा मराठी मेमो घेऊन माझ्याकडे आले होते. चेहरा पडलेला. म्हणाले, "साहेब, माझ्याकडून कोणाचा अनादर झाला असेल तर मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागतो." माफीने भागण्यासारखं असतं तर काय हवं होतं! परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, याचं १३८ वं कलम (१८८१ च्या कायद्यात ते १९८८ साली घातलं गेलं) म्हणतं की समोरच्याची नोटीस आली की पंधरा दिवसांत पैसे द्या, नाही तर फौजदारी. आणि हो, 'परक्राम्य संलेख' म्हणजे 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट'. कळलं ना आता?

गंमत अशी की हा शब्द करायची गरजच नव्हती. इंग्रज यायच्या आधीपासून आपल्याकडे हुंड्या चालत. हुंडी आली की पेढीवाला ती सकारायचा किंवा नकारायचा. सकारली की हुंडी वटायची. किती सरळ! नकारली म्हटलं की कोणी कोणाला काय सांगितलं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. वटणं तेवढं टिकलं. चेक वटला, चेक वटला नाही, असं आमच्याकडे येणारी भाजीवालीसुद्धा बोलते. सकारणं-नकारणं मात्र कोशात राहिलं आणि बँकेत अनादर आला.

म्हणून ज्याला खरोखर अर्थ सांगता आला त्याचं कौतुक करतो. 'हायपोथिकेशन' या भयंकर शब्दाला मराठीत 'नजरगहाण' म्हणतात. हा शब्द ज्याने केला त्याला माझा साष्टांग नमस्कार. तुम्ही कर्जावर टॅक्सी घेतली. टॅक्सी तुमच्या दारात, चालवता तुम्ही, पंक्चर काढता तुम्ही. बँकेकडे काय आहे? आरसी बुकावर नाव, आणि टॅक्सीवर नजर. वस्तू तुझ्याकडे, डोळा माझा. नजरगहाण! इंग्रजी शब्द जे सांगत नाही ते मराठी शब्दाने सहा अक्षरांत सांगितलं. मी समीक्षक असतो तर या एका शब्दावर प्रबंध लिहिला असता. वस्तू कोणाकडे राहील, लक्ष कोण ठेवील आणि बुडालं तर कोणाचं जाईल, एवढं ज्यातून कळतं त्याला मी अर्थ म्हणतो. बाकी सगळं शुद्धलेखन.

'नॉमिनी' या कसोटीवर साफ नापास. कोश म्हणतो नामनिर्देशित व्यक्ती. लोक म्हणतात वारस. "साहेब, वारस कोणाला लावू?" कोशाचा अर्थ कोणाला कळत नाही आणि लोकांचा अर्थ कायद्याला मान्य नाही. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी होते तो माणूस. पैसे घेऊन जायचा हक्क त्याचा. ते शेवटी कोणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे १९८३ साली सांगितलं, शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली सांगितलं. मधल्या चाळीस वर्षांत भावाभावांत किती कोर्टकज्जे झाले असतील! आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. म्हणजे गैरसमज करून घ्यायला माणसं चौपट.

हे सगळं मी जरा तावातावाने लिहितो आहे याचं कारण गेल्या उन्हाळ्यातले एक काका.

एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. पेन्शन म्हणाल तर महिन्याला तीन हजारांच्या आतबाहेर. निवृत्तीचे आठ लाख आमच्याकडे मुदत ठेवीत. भाच्याला धंतोलीतच पॅथॉलॉजीची लॅब टाकायची होती, दहा लाखांचं कर्ज, दोन जामीनदार; त्यातले एक हे. फॉर्म आदल्या दिवशी घरी नेऊन त्यांनी वाचला होता. जामीनदार फॉर्म वाचतो हे पाहूनच मी खुर्चीतून अर्धा उठलो.

"साहेब, कालपासून वाचून राहिलो जी मी," ते म्हणाले. "सारं समजलं असं नाही, पण हे एक बरं लिहिलं त्याइनं. जॉइंटली अँड सेवरली. सेवरल म्हंजे अनेक न जी?"

"शाळेत तसंच शिकवलं होतं आपल्याला."

"हो न. म्हंजे एकत्र आन् अनेक. मी हिशेब बी केला." त्यांनी कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने भागाकार. भाचा एक, जामीनदार दोन. दहा लाखांना तीनने भागून माझ्या वाट्याला तीन लाख तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस रुपये तेहेतीस पैसे. कंडक्टर माणूस, पैसेसुद्धा सोडले नव्हते. "इतकं झेपते मले," ते म्हणाले. "बहिणीचं पोट्टं आहे. बुडलं तरी समजीन का लग्नात आहेर केला."

मी काय करायला हवं होतं? नियमाने पाहिलं तर सही कुठे करायची ते दाखवायला. पण शब्दार्थाच्या वहीतला तो 'अनेक' माझ्या डोळ्यांपुढे आला, उजव्या बाजूचा, बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण केलेला.

"काका," मी म्हटलं, "इथे सेव्हरल म्हणजे अनेक नाही. इथे सेव्हरल म्हणजे एकेकटा. तुम्ही तिघं मिळूनही बांधलेले, आणि तिघांतला प्रत्येक जण एकट्यानेही पूर्ण दहा लाखांना बांधलेला. वर व्याज."

"आधी भाच्याले मागतील न?"

"मागतीलच असं नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या बरोबरीची असते. कराराचा कायदा, १८७२, कलम १२८. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली एका बँकेच्या दाव्यात सांगितलंय की आधी कर्जदाराच्या मागे जाऊन या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे गाडीत पन्नास पॅसेंजर विदाउट. आन् चेकरनं साऱ्याइचा दंड एकट्या माह्याकडून घ्यायचा?"

"घेता येतो."

"आन् मंग मी पन्नास जणाइच्या घरी जाऊन मागत फिरायचं?"

"तो हक्क आहे तुमचा. भाच्याकडून सगळे मागायचा, दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागायचा."

"हक्क," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी फार सावकाश उच्चारला.

शाखेत एक डिक्शनरी आहे, कोणीतरी बदलीवर जाताना ठेवून गेलेली. ती काढून दाखवली. 'सेव्हरल'पुढे दोन अर्थ होते : १. अनेक. २. निरनिराळा, पृथक्. म्हणजे कोशकार निर्दोष. त्याने बिचाऱ्याने दुसरा अर्थ दिला होता. पण हा शाळेतला आणि हा कोर्टातला, हा फुकटचा आणि हा दहा लाखांचा, एवढं काही त्याने सांगितलं नव्हतं. काकांनी चष्मा सारखा करून ते वाचलं. "दोन नंबरले आहे," ते म्हणाले. "आमाले एक नंबरचाच काऊन शिकवला?"

मग त्यांनी शेवटचं पान काढलं. तिथे खाली एक छापील मजकूर होता आणि त्याखाली सहीची रेघ. "हे काय आहे जी?"

"हे असं आहे," मी म्हटलं, "की वरचा सगळा मजकूर तुम्हाला मराठीत वाचून दाखवला, समजावून सांगितला, आणि तुम्हाला तो समजला."

"कोणं?"

हे कबुलीपत्रही इंग्रजीतच होतं.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. शाळेत आपण धड्यातल्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात अर्थ लिहायचो ना, तसा त्यांनी 'सेव्हरली'च्या डोक्यावर अर्थ लिहिला. अनेक नाही, पृथक् नाही. लिहिलं, 'एकटा'. दोनशे वर्षांतल्या कोशांत इतका नेमका अर्थ मी वाचलेला नाही. मागून आमचे ऑफिसर ओरडले की फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, हा बाद झाला, दुसरा भरावा लागेल. "भरू न साहेब, भरू," काका म्हणाले. "पण हा बाद झालेला मले द्या. भाच्याले दाखवतो. त्यानं बी अनेकच वाचलं असन."

दुसऱ्या दिवशी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ते परत आले. सही करणार की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फॉर्म पुन्हा पहिल्या पानापासून वाचला होता आणि त्यातले एकोणीस शब्द एका जुन्या वहीच्या पानावर उतरवून आणले होते. पानाची मधोमध घडी. डावी बाजू भरलेली, उजवी कोरी.

पहिला शब्द 'व्हेअरॅज' होता.

"याला मराठीत 'ज्याअर्थी' म्हणतात," मी म्हटलं.

"आन् त्याचा अर्थ?"

मी काउंटरवर 'बंद'ची पाटी उभी केली आणि त्यांना आतली खुर्ची दिली.